‘आवाज येस का?’ : व्हर्च्युअल मशीनमधल्या माइकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी धुळ्यात कॉम्प्युटर शिकवतो. धुळे, जळगाव, नंदुरबारची मुलं लॅपटॉपवर विंडोज ठेवून आत व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा बनावट कॉम्प्युटर) उबुंटू किंवा काली हे लिनक्स चालवतात, काही जण आत जुनं विंडोज ठेवतात. प्रॅक्टिकल होतं, इंटरनेट चालतं, गाणीसुद्धा वाजतात. मग एखाद्या दिवशी आतूनच मीटिंग लावायची वेळ येते, मुलगा अहिराणीत विचारतो, ‘आवाज येस का?’ (आवाज येतोय का?) आणि पलीकडून काहीच उत्तर येत नाही. असे आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पहिले दोन सगळ्यांनी वाचा. पुढचे ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे.

१. भाऊ, लॅपटॉपचा माइक व्हीएममध्ये वेगळ्याच नावाने का दिसतो? माझा माइक आत गेलाच नाही का?

तुमचा खरा माइक आत कधीच जात नाही. बाहेरची सिस्टीम म्हणजे होस्ट, आतली म्हणजे गेस्ट. व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर, गेस्टला एक बनावट साउंड कार्ड दाखवतो. होस्टकडून आलेला आवाज त्या कार्डाच्या माइकमधून आत सोडला जातो. म्हणून आत ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असं साधंच नाव दिसतं, तुमच्या लॅपटॉप कंपनीचं नाही.

यामुळे एक फुकटची मेहनत वाचते. बरीच मुलं लॅपटॉपच्या कंपनीचा रिअलटेक ड्रायव्हर शोधून गेस्टमध्ये टाकायला बसतात. त्या ड्रायव्हरला आत रिअलटेकचं कार्डच सापडत नाही. तो होस्टवर हवा, गेस्टमध्ये नको.

२. माइक चालत नाही एवढंच कळतंय. सुरुवात कुठून करू?

पांझरेकाठी फड पद्धतीचं पाणी पाहिलं असेल तर हे लगेच समजेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून पाणी शेतात. शेताला पाणी पोचलं नाही तर पाटकरी शेतातली माती उकरत बसत नाही. तो बंधाऱ्याकडून खाली चालत येतो आणि पाणी कुठपर्यंत आलंय ते बघतो. माइकचंही तसंच करायचं.

आधी व्हीएम पूर्ण बंद करा. होस्टवर विंडोजचं साउंड रेकॉर्डर (विंडोज १० मध्ये ‘व्हॉइस रेकॉर्डर’) उघडा, दहा सेकंद बोला आणि ऐका. इथेच आवाज नसेल तर व्हीएमचा काही संबंध नाही. वायर, माइकचं बटण किंवा होस्टची सेटिंग तपासा. कित्येक लॅपटॉपवर माइक बंद करायची कळ वरच्या ओळीत असते आणि चुकून दाबली जाते.

होस्टवर आवाज आला तर व्हीएम सुरू करा आणि माइक वापरणारं एखादं अ‍ॅप आत उघडा. आता होस्टच्या टास्कबारवर, घड्याळाच्या बाजूला बघा. विंडोज १० आणि ११ मध्ये कोणी माइक वापरत असेल तर तिथे छोटा माइक दिसतो. त्यावर माउस नेला की वापरणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव येतं. तिथे व्हर्च्युअलबॉक्सचं नाव दिसलं तर आवाज होस्टच्या वेशीपर्यंत आला, आता अडचण आत आहे (प्रश्न ७, ८, ९). नाव दिसलं नाही तर अडचण व्हीएमच्या सेटिंगमध्ये किंवा होस्टच्या परवानगीत आहे (प्रश्न ३, ४).

शेवटी गेस्टमधली साउंड सेटिंग उघडून बोला. इनपुटची पट्टी हलली तर आवाज आतपर्यंत पोचला, राहिलं फक्त ते अ‍ॅप.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच तपासा. घाईत पाच गोष्टी बदलल्या की माइक चालू झाला तरी कशामुळे झाला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत शून्यातून सुरुवात होते.

३. व्हर्च्युअलबॉक्समध्ये गाणी मस्त ऐकू येतात, पण माझा आवाज पलीकडे जात नाही. असं कसं?

मला येणाऱ्या प्रश्नांत सगळ्यात जास्त वेळा येणारा हाच. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आवाज बाहेर सोडणं आणि आत घेणं यांची दोन वेगळी बटणं आहेत. नवीन मशीन बनवलं की बाहेरचं चालू असतं आणि आत घेण्याचं बंद. हा बिघाड नाही. आतल्या सिस्टीमने न विचारता तुमच्या खोलीतलं बोलणं ऐकू नये म्हणून ते मुद्दाम बंद ठेवलेलं असतं.

मशीन चालू असतानाच वरच्या ‘डिव्हाइसेस’ मेन्यूत जा, ‘ऑडिओ’वर या आणि ‘ऑडिओ इनपुट’वर खूण करा. खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावर उजवी क्लिक केली तरी हेच मिळतं. मशीन बंद असेल तर सेटिंग्जमधल्या ‘ऑडिओ’ पानावर ‘एनेबल ऑडिओ इनपुट’ आहे. खूण केल्यावर आतलं मीटिंगचं पान एकदा बंद करून परत उघडा, कारण काही अ‍ॅप माइक फक्त सुरुवातीला शोधतात.

४. ऑडिओ इनपुट चालू केलं, आत माइकही दिसतो, पण पट्टी जराही हलत नाही. एकदम शांतता.

होस्ट विंडोज असेल तर आधी प्रायव्हसीची सेटिंग बघा. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘मायक्रोफोन’. विंडोज १० मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी’, ‘मायक्रोफोन’. त्या पानाच्या तळाशी डेस्कटॉप अ‍ॅप्सना माइक वापरू देण्याचं वेगळं बटण असतं. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर त्या गटात मोडतात. वरच्या यादीत त्यांची नावं सापडत नाहीत, म्हणून लोक गोंधळतात आणि खालच्या बटणापर्यंत पोचतच नाहीत.

हे बटण बंद असलं तरी गेस्टला त्याचा पत्ता लागत नाही. बनावट कार्ड जागेवर असतं, माइकही यादीत दिसतो, फक्त त्यातून शांतता येते. म्हणून इतका वेळ वाया जातो.

आत विंडोजच असेल तर हेच पान आतही आहे. दोन्हीकडे परवानगी हवी.

प्रायव्हसी ठीक असेल तर होस्टवर कोणता माइक मुख्य म्हणून निवडलाय ते बघा. व्हीएमला होस्टचा डिफॉल्ट माइक मिळतो. वेबकॅमचा माइक डिफॉल्ट असेल आणि तुम्ही हेडफोनच्या माइकमध्ये बोलत असाल, तर आवाज येणार कुठून?

५. माझा होस्ट मॅक आहे. तिथे काय बघायचं?

मॅकओएस मोहावेपासून, म्हणजे २०१८ पासून, प्रत्येक अ‍ॅपला माइकसाठी वेगळी परवानगी लागते. सिस्टीम सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘मायक्रोफोन’ उघडा आणि तुमच्या व्हीएमच्या अ‍ॅपपुढचं बटण चालू करा. पहिल्यांदा विचारणा झाली तेव्हा घाईत ‘नको’ म्हटलं असेल तर मॅक परत विचारत नाही, इथे येऊनच बदलावं लागतं. नंतर ते अ‍ॅप पूर्ण बंद करून उघडा. मॉन्टेरेपासून माइक वापरात असला की वरच्या पट्टीत नारिंगी ठिपका दिसतो. तो दिसला तर होस्टचं काम झालं.

६. होस्टच लिनक्स आहे, आत विंडोज. मग कुठे शोधू?

पाव्हूकंट्रोल नावाचा छोटा प्रोग्रॅम टाका. उबुंटूच्या सॉफ्टवेअर केंद्रात तो पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल या नावाने मिळतो. नव्या उबुंटू आणि फेडोरामध्ये आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आलंय, पण हा प्रोग्रॅम तिथेही तसाच चालतो. आत काहीतरी रेकॉर्ड करायला लावा आणि बाहेर त्याचा ‘रेकॉर्डिंग’ टॅब उघडा. तिथे तुमच्या व्हीएमची ओळ दिसेल आणि तिच्यापुढे कोणता माइक जोडलाय ते लिहिलेलं असेल. बऱ्याचदा तिथे ‘मॉनिटर’ असं काहीतरी निवडलेलं सापडतं. मॉनिटर म्हणजे स्पीकरमधून वाजणारा आवाज, माइक नव्हे. खरा माइक निवडा, तो बदल लगेच लागू होतो.

ती ओळच नसेल तर प्रश्न ३ कडे जा.

७. गेस्टमधलं विंडोज म्हणतं, इनपुट डिव्हाइस सापडलं नाही. गेस्ट अ‍ॅडिशन्स टाकून पण फरक नाही.

माइकसाठी गेस्ट अ‍ॅडिशन्स लागत नाहीत. गेस्टमध्ये टाकायचं ते व्हर्च्युअलबॉक्सचं जोड सॉफ्टवेअर स्क्रीन, माउस आणि शेअर्ड फोल्डरसाठी असतं. इथे बघायचा तो ऑडिओ कंट्रोलर.

व्हर्च्युअलबॉक्स तीन प्रकारची बनावट कार्डं देतं: इंटेल एचडी ऑडिओ, आयसीएच एसी९७ आणि साउंडब्लास्टर १६. विंडोज ७, १०, ११ ला एचडी ऑडिओ द्या, ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो. आत विंडोज एक्सपी असेल तर एसी९७ घ्या. साउंडब्लास्टर डॉसच्या जमान्यातल्या सिस्टीमसाठी आहे. कार्ड बदलायचं तर मशीन शटडाउन केलेलं हवं. स्टेट सेव्ह करून, म्हणजे शटडाउन न करता आहे तसं झोपवून, ठेवलेल्या मशीनमध्ये तो पर्याय फिकट दिसतो आणि बदलत नाही.

एचडी ऑडिओ दिल्यावर आत माइक कधी ‘लाइन इन’ या नावाने दिसतो. नावावर जाऊ नका, निवडून बोला आणि पट्टी बघा. विंडोजच्या जुन्या साउंड पॅनेलमधल्या ‘रेकॉर्डिंग’ टॅबमध्ये मोकळ्या जागी उजवी क्लिक करून बंद ठेवलेली डिव्हाइसेसही दाखवायला सांगा. एखादं तिथे बंद पडलेलं असतं.

८. आत उबुंटू किंवा काली आहे. सेटिंगमध्ये माइक दिसतो, पण रेकॉर्डिंग कोरं येतं.

आधी साउंडच्या सेटिंगमध्ये इनपुटची यादी उघडा. तिथे ‘मायक्रोफोन’ आणि ‘लाइन इन’ असे दोन्ही असतील तर एकेक निवडून बोलून बघा.

तरी कोरंच असेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर चालवा. काळ्या पडद्यावर उभ्या पट्ट्या येतील. एफ६ दाबून कार्ड निवडा आणि एफ४ दाबून कॅप्चरच्या पट्ट्यांवर जा. पट्टीखाली लाल अक्षरांत ‘कॅप्चर’ लिहिलेलं असेल तर ती चालू आहे. नसेल तर त्या पट्टीवर जाऊन स्पेस दाबा. बाणांनी पातळी वाढवा आणि एस्केप दाबून बाहेर या. माझ्याकडे आलेल्या कालीच्या बऱ्याच तक्रारी या एका स्पेसने मिटल्या आहेत.

९. आतल्या ब्राउझरमध्ये मीटिंग उघडतो तर तो माइकची परवानगी विचारतच नाही.

दोन कारणं असतात. एकदा ‘ब्लॉक’ दाबलं असेल तर ब्राउझर ते लक्षात ठेवतो. पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करा आणि माइकची परवानगी पुन्हा द्या.

दुसरं कारण प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना नडतं. ब्राउझर माइक फक्त सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएसच्या पत्त्यावर देतो. लोकलहोस्टला, म्हणजे त्याच कॉम्प्युटरच्या स्वतःच्या पत्त्याला, सूट आहे. तुमचं वेब अ‍ॅप होस्टवर चालतंय आणि गेस्टमधून तुम्ही ते साध्या एचटीटीपीने, आकड्यांचा आयपी पत्ता टाकून उघडताय, तर माइक मिळणार नाही आणि विचारणाही होणार नाही. तेच अ‍ॅप होस्टवर लोकलहोस्टने उघडलं की चालतं, म्हणून दोष व्हीएमवर जातो. व्हीएमचा यात काही दोष नाही.

१०. मोबाइलचा इअरफोन डेस्कटॉपला लावला. ऐकू येतं, पण बोलता येत नाही.

पिन हातात घेऊन बघा. तिच्यावर तीन काळे किंवा पांढरे पट्टे असतील तर ती चार भागांची पिन आहे, ऐकणं आणि बोलणं दोन्ही एकाच पिनेत. जुन्या डेस्कटॉपला मात्र दोन वेगळी भोकं असतात, हिरवं ऐकायला आणि गुलाबी बोलायला. त्यांत प्रत्येकी दोन पट्ट्यांची पिन बसते. मोबाइलची पिन हिरव्यात घातली तर माइक कुठेच जोडला जात नाही आणि गुलाबीत घातली तरी नीट जमत नाही. एका टोकाला चार भागांची जागा आणि दुसऱ्या टोकाला हिरवी आणि गुलाबी अशा दोन पिना असलेला स्प्लिटर घ्या. मोबाइल अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात तो मिळतो. घेताना ‘माइकवाला स्प्लिटर’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर दोन हेडफोन लावायचा स्प्लिटर हातात पडतो. तो दिसायला बराचसा तसाच असतो.

११. यूएसबी हेडसेट आहे. तो थेट व्हीएममध्ये जोडू का?

शक्यतो नको. तो होस्टलाच राहू द्या, डिफॉल्ट करा आणि प्रश्न ३ च्या वाटेने आत न्या.

थेट जोडलात तर हेडसेट होस्टकडून निघून जातो आणि होस्टवर आवाज राहत नाही. शिवाय यूएसबीवरचा आवाज ठरलेल्या क्षणी पोचावा लागतो. आत जरा उशीर झाला की शब्दांचे तुकडे पडतात. एखाद्या हेडसेटचं खास सॉफ्टवेअर आतच चालवायचं असेल तरच हा मार्ग धरा. तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा. व्हर्च्युअलबॉक्स ७.० च्या आधीच्या आवृत्त्यांत यूएसबी २ आणि ३ साठी एक्स्टेंशन पॅक लागायचा, ७.० पासून तो भाग मूळ प्रोग्रॅममध्येच आहे. होस्ट लिनक्स असेल तर तुमचं नाव व्हीबॉक्सयूजर्स या गटात हवं, आणि गटात टाकल्यावर एकदा लॉगआउट करून परत आत यावं लागतं. आणि होस्टवर कोणतं अ‍ॅप त्या क्षणी हेडसेट वापरत असेल तर आधी ते बंद करा.

१२. ब्लूटूथ इअरबड लावले की आवाज डबक्यातून आल्यासारखा येतो.

नेहमीच्या ब्लूटूथमध्ये गाणी ऐकायची पद्धत वेगळी आणि फोनसारखं बोलायची वेगळी. पहिलीत दर्जा चांगला असतो, पण माइक नसतो. कोणीही माइक मागितला की होस्ट दुसऱ्या पद्धतीवर उतरतो आणि सगळा आवाज जाडाभरडा होतो. व्हीएमने माइक धरून ठेवला तर मीटिंग संपल्यावरही तसंच राहतं. उपाय सोपा आहे. ऐकायला इअरबड ठेवा आणि होस्टच्या इनपुटमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा.

१३. हायपर-व्हीमध्ये ऑडिओची सेटिंगच सापडत नाही.

सापडणार नाही, कारण हायपर-व्ही, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा व्हीएम प्रोग्रॅम, गेस्टला साउंड कार्डच देत नाही. तिथे आवाज रिमोट डेस्कटॉपच्या वाटेने जातो आणि त्या वाटेचं नाव एन्हान्स्ड सेशन.

मशीनला जोडताना स्क्रीनचा आकार विचारणारी खिडकी येते. तिथे ‘शो ऑप्शन्स’ दाबा, ‘लोकल रिसोर्सेस’ टॅबवर जा, ‘रिमोट ऑडिओ’च्या ‘सेटिंग्ज’मध्ये शिरा आणि ‘रेकॉर्ड फ्रॉम धिस कॉम्प्युटर’ निवडा. मग आत ‘रिमोट ऑडिओ’ नावाचा माइक दिसतो. आधी कधी सेटिंग साठवून ठेवलं असेल तर ती खिडकी येतच नाही. तेव्हा हायपर-व्ही मॅनेजरमध्ये मशीनवर उजवी क्लिक करून ‘एडिट सेशन सेटिंग्ज’ उघडा.

आत विंडोज होम असेल तर एन्हान्स्ड सेशन चालत नाही, प्रो किंवा त्यावरची आवृत्ती लागते. आत लिनक्स असेल तर एक्सआरडीपी (लिनक्ससाठीचा रिमोट डेस्कटॉप) आणि त्याचा आवाजाचा भाग वेगळा बसवावा लागतो. फक्त माइकसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा ते लिनक्स व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअरमध्ये ठेवा, असं मी सांगतो.

१४. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये माइकसाठी वेगळं बटण आहे का?

नाही, तिथे एकच साउंड कार्ड असतं आणि ते जोडलेलं असलं की माइकही त्यातच येतो. ‘व्हीएम’ मेन्यूत ‘रिमूव्हेबल डिव्हाइसेस’, मग ‘साउंड कार्ड’, मग ‘कनेक्ट’. सेटिंगमध्ये ‘कनेक्ट अ‍ॅट पॉवर ऑन’वर खूण ठेवा. मशीन सुरू करताना हेडसेट लावलेला नसेल आणि नेमकं तेच कार्ड निवडलेलं असेल तर ते जोडलं जात नाही, म्हणून ‘यूज डिफॉल्ट होस्ट साउंड कार्ड’ बरं. पट्टी तरी हलली नाही तर प्रश्न ४. नोव्हेंबर २०२४ पासून वर्कस्टेशन प्रो सगळ्यांना मोफत आहे, त्यामुळे चोरीच्या किल्ल्या शोधत फिरायचं कारण उरलेलं नाही.

१५. लिनक्सवर व्हर्ट-मॅनेजर वापरतो. आवाज येतो, माइक नाही.

मशीनच्या ‘डिस्प्ले’ची नोंद उघडा. व्हीएमची खिडकी दाखवायच्या दोन पद्धती तिथे असतात, स्पाइस आणि व्हीएनसी. स्पाइस असेल तर खिडकी दाखवणारा प्रोग्रॅम तुमचा माइक आत नेतो. व्हीएनसी असेल तर आवाज फक्त बाहेर येतो, आत जात नाही. ‘साउंड’मध्ये आयसीएच९ ठेवा.

१६. अँड्रॉइड एम्युलेटरमध्ये माझं अ‍ॅप माइक ऐकत नाही.

एम्युलेटरच्या बाजूच्या पट्टीतले तीन ठिपके दाबा, ‘मायक्रोफोन’वर जा आणि माइक होस्टचा आवाज वापरेल असं सांगणारं बटण चालू करा. एम्युलेटर बंद करून परत उघडला की हे बटण पुन्हा बघा.

१७. आवाज जातो, पण तुटक जातो. समोरचे म्हणतात रोबोट बोलतोय.

यात माइकचा दोष क्वचितच असतो. व्हीएमला वेळेवर प्रोसेसर मिळत नाही आणि आवाजाचे तुकडे गळतात.

व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली उजवीकडे बारीक नजरेने बघा. तिथे हिरवं कासव दिसलं तर व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच्या जोरावर न चालता विंडोजच्या हायपर-व्हीच्या आधाराने चालतंय, म्हणून मंद आहे. कासव घालवायचं तर विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म काढावं लागतं, आणि ‘कोअर आयसोलेशन’मधली मेमरी इंटिग्रिटीही बंद करावी लागते. यातल्या दोन गोष्टींचा विचार आधी करा. डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) वापरत असाल तर ते बंद पडेल. आणि मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं कवच आहे, ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात तिथे ते काढू नका. अशा लॅपटॉपवर मी कासव राहू देतो आणि मीटिंग होस्टवरून घेतो.

कासव नसेल तर आतल्या मशीनला दिलेले प्रोसेसर मोजा. लोकांना वाटतं जास्त दिले की बरं. होस्टकडे चार असताना चारही आत दिले तर होस्टलाच श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि आवाज तर होस्टमधूनच यायचा असतो. चारपैकी दोन द्या.

वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि वेग कमी करतो. चार्जर लावल्यावर आवाज सुधारत असेल तर पॉवर मोड बदला.

शेवटचा उपाय म्हणजे दोन्हीकडचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा) सारखा करणं. होस्टवर माइकच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर ४४,१०० किंवा ४८,००० हर्ट्झ असं असतं. आतही तोच आकडा ठेवा.

१८. मागे सतत घरघर किंवा गुंई असा आवाज येतो.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडून हा प्रश्न हमखास येतो आणि निम्म्या वेळा उत्तर कूलर असतं. ४५ अंशांच्या उन्हात कूलर बंद करा असं मी कोणालाही सांगणार नाही. लॅपटॉपचा माइक सोडून तोंडाजवळचा हेडसेट वापरा, होस्टवर माइकचा ‘बूस्ट’ शून्यावर आणा आणि कूलरची हवा थेट माइकवर येणार नाही असं बसा.

बारीक, एकसुरी गुंई असेल तर चार्जर काढून बघा. ती लगेच थांबली तर खोलीतलं अर्थिंग नीट नाही, ५० हर्ट्झच्या विजेचा आवाज माइकमध्ये उतरतोय. तो वायरमनला दाखवायचा विषय. मीटिंगपुरतं बॅटरीवर चालवा.

स्वतःचाच आवाज परत येत असेल तर तीच मीटिंग होस्ट आणि गेस्ट दोन्हीकडे उघडी नाही ना ते बघा.

१९. काल सगळं चालत होतं, आज नाही. मी काहीच बदललं नाही.

स्नॅपशॉटवर, म्हणजे आधी कधी जपून ठेवलेल्या मशीनच्या अवस्थेवर, परत गेला होतात का? व्हर्च्युअलबॉक्सच्या स्नॅपशॉटमध्ये आतल्या फायलींबरोबर त्या दिवसाची मशीनची सेटिंगही असते. मी स्वतः यात अडकलो आहे. माझ्याकडच्या एका मुलीची तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. उबुंटूमध्ये काहीतरी बिघडलं म्हणून रात्री आम्ही जुन्या स्नॅपशॉटवर गेलो. तो मशीन बनवल्या दिवशीचा होता, ऑडिओ इनपुट चालू करण्याच्याही आधीचा. सकाळी परीक्षकांसमोर माइक मुका. ती कागदावर उत्तरं लिहून कॅमेऱ्यासमोर धरत राहिली आणि मी फोनवरून तिला आतल्या सेटिंग तपासायला लावत होतो. खूण निघाली होती ती बाहेर, व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘ऑडिओ इनपुट’वरची. तेव्हापासून परीक्षेच्या आधी माइकची चाचणी झाली की लगेच नवा स्नॅपशॉट घ्यायला लावतो.

स्नॅपशॉट नसेल तर स्टेट सेव्ह करून उठवलेलं मशीन हे दुसरं कारण. काल हेडसेट लावून झोपवलं, आज हेडसेटशिवाय उठवलं, तर जुना धागा तुटलेला असतो. आतून पूर्ण शटडाउन करा आणि नव्याने सुरू करा. होस्टवर रात्री मोठं अपडेट झालं असेल तर प्रश्न ४ मधली बटणंही बघा.

२०. वेबकॅम आत जोडला. चित्र दिसतं, पण त्याचा माइक आत येत नाही.

व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘वेबकॅम्स’ मेन्यूतून फक्त चित्र जातं. आवाज साउंड कार्डाच्याच वाटेने येणार. होस्टवर वेबकॅमचा माइक डिफॉल्ट करा आणि प्रश्न ३ प्रमाणे करा.

२१. आजीची अहिराणी गाणी रेकॉर्ड करायची आहेत. व्हीएममधल्या उबुंटूमध्ये ऑडॅसिटी आहे, त्यातच करू का? आणि बोलून टाइप होईल का?

रेकॉर्डिंग आत करू नका. आवाज दोन-तीन ठिकाणांहून फिरून आत येतो, प्रत्येक ठिकाणी थोडा गळू शकतो, आणि मीटिंगमध्ये चालून जाणारा तुटकपणा गाण्यात चालत नाही. आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) किंवा कानबाई देवीचं गाणं आजी एकदा म्हणते, तेव्हा ती रंगात असते. परत म्हणायला लावलं तर तिची चाल बदलते, एखादं कडवं सुटतं. ते गाणं कुठे छापलेलंही नसतं. होस्टवर किंवा चांगल्या मोबाइलवर, वेव्ह फॉरमॅटमध्ये ४८,००० हर्ट्झला रेकॉर्ड करा. एमपी३ नंतर केव्हाही करता येते, एमपी३ मधून मूळ आवाज परत मिळत नाही. आधी एक मिनिटाची चाचणी घ्या आणि हेडफोन लावून ऐका.

मराठी बोलून टाइप करायची सोय गुगलने २०१७ मध्ये आणली आणि गुगल डॉक्समध्ये ती आतल्या क्रोममधूनही चालते, फक्त आवाज तुटक नको (प्रश्न १७). भाषांच्या यादीत अहिराणी नाही. मराठी निवडून अहिराणी बोललात तर ‘शे’, ‘व्हयनं’, ‘जास’ या शब्दांच्या जागी भलतंच काही उमटतं. गाणी हातानेच उतरवून घ्या, ऐकत ऐकत, आजीला शेजारी बसवून.

काटछाट मात्र आतल्या ऑडॅसिटीत खुशाल करा. फाइल शेअर्ड फोल्डरमधून आत न्या, आणि त्या फोल्डरसाठी प्रश्न ७ मधल्या गेस्ट अ‍ॅडिशन्स लागतात.